राहिलेलं हळदीकुंकू

राजस पुण्याला आहे, असं सुलभाताई त्या संध्याकाळी येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या. राजस त्या वेळी भिंतीपलीकडे, मागच्या खोलीत होता.

उज्जैनच्या फ्रीगंजात त्यांचं घर. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती, म्हणजे हळदीकुंकवाचेच दिवस. तिथल्या मराठी मंडळातल्या बायका आणि शेजारच्या दोघी-चौघी हिंदी बोलणाऱ्या येऊन जात होत्या. पाटावर करंडा, गुलाबदाणी, तिळगुळाचं ताट, आणि वाण म्हणून भैरवगढच्या छापाच्या कापडाचे छोटे बटवे. बटवे सुलभाताईंनी स्वतः शिवले होते. त्यात हलवा भरायचं काम त्यांच्या वर्गातल्या मुलांनी केलं होतं, आणि भरता भरता बराचसा खाल्लाही होता.

सुलभाताई जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. आता त्या संध्याकाळी ओसरीवर गल्लीतल्या मराठी मुलांना वाचायला शिकवत. मुलं शाळेत हिंदीत शिकायची, घरी अर्धी हिंदी अर्धी मराठी बोलायची, आणि मराठी पुस्तक वाचायला बाईंकडे यायची. मूल चुकलं तर बाई रागावत नसत. "पुन्हा बघ बरं," एवढंच म्हणत आणि त्याला त्याची चूक सापडेपर्यंत थांबत. चुकलेलं उत्तर तसंच पुढे जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा एकच नियम होता. मंडळात कुणाचं पोर बिघडलं की आईबाप त्यांच्याकडे सल्ल्याला येत.

अशा बाईंचा मुलगा गर्दची पावडर टोचून घेतो, हे कुणाला कळलेलं त्यांना चालणार नव्हतं.

राजसनं स्वतःहून सरकारी दवाखान्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रात जायला सुरुवात केली होती. तिथे रोज सकाळी पावडरची तलफ मारणारी एक गोळी मिळायची. नर्ससमोर जिभेखाली धरायची, विरघळेपर्यंत बोलायचं नाही, मग घरी जायचं. गोळी सुरू झाल्यापासून तो जेवत होता, झोपत होता, एका दुकानाचे हिशेबही बघायला लागला होता. पण तिथली रांग उघड्या व्हरांड्यात लागायची. एकदा सुलभाताईंच्या नवऱ्याच्या, दत्तात्रयरावांच्या, बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यानं त्याला त्या रांगेत पाहिलं आणि मंडळाच्या कार्यक्रमात, चहा घेता घेता, तुमचा मुलगा तिकडे कशाला जातो म्हणून विचारलं. सुलभाताई त्या रात्री जेवल्या नाहीत. ही गोळी म्हणजेही नशाच, मनात आणलंस तर तुला तिची गरज नाही, असं त्यांनी राजसला समजावलं. शिकवताना वापरायच्या त्याच शांत आवाजात समजावलं. त्यानं ऐकलं. मग त्याला देवासला मामाकडे ठेवलं, आणि मंडळात सांगितलं, पुण्याला नोकरी लागली.

देवासला गोळीशिवाय त्यानं फार सोसलं. संक्रांतीच्या आधी परत आला तेव्हा तो वाळला होता, पण डोळे स्वच्छ होते. सुलभाताईंना वाटलं, सुटला. आता खरोखरच कुठे नोकरी लागली की पुण्याची गोष्ट आपोआप खरी होईल. तोवर काही दिवस तो लोकांना दिसायला नको, एवढंच.

म्हणून हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांनी त्याच्या चपला कपाटात ठेवल्या. अंगणातल्या त्याच्या मोटरसायकलवर जुनी चादर टाकली. बायका जाईपर्यंत बाहेर येऊ नकोस म्हणाल्या, आणि मुलं घरभर हुंदडतात म्हणून मागच्या खोलीला बाहेरून कडी लावली. कडी लावताना राजस हसला होता. "आई, पुण्याहून फोन करू का मधे?" असं त्यानं विचारलं होतं.

बायका येत होत्या. मंडळातल्या सगळ्यांत वडील जयूमावशी खुर्ची अडवून बसल्या होत्या आणि कुणालाही उठू देत नव्हत्या. पल्लवी आली. ही सुलभाताईंची जुनी विद्यार्थिनी. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं टॉवरजवळ औषधांचं दुकान होतं. तिला कुंकू लावताना सुलभाताईंचा हात जरा अवघडला, कारण महिन्याभरापूर्वी त्यांनी तिला नाही म्हटलं होतं.

पल्लवीचा धाकटा भाऊ मंदार मागच्या वर्षी गेला होता. खोलीचं दार आतून लावलेलं, दार फोडलं तेव्हा उशीर झाला होता. घरच्यांनी सगळ्यांना हार्ट सांगितलं. पल्लवीनंही तेच सांगितलं. मग काही महिन्यांनी तिनं ते सांगणं थांबवलं, आणि एका डॉक्टरांना व गल्लीतल्या तीन-चार आयांना घेऊन एक गट केला. ज्या घरात असा मुलगा आहे तिथे जायचं, त्याच्याबरोबर केंद्राच्या रांगेत उभं राहायचं, गोळी सुटू द्यायची नाही, आणि पावडरनं श्वास थांबलाच तर काय करायचं ते घरच्यांना शिकवायचं. डॉक्टरांनी त्यांना एक इंजेक्शन द्यायला शिकवलं होतं. पावडरनं थांबलेला श्वास त्यानं परत सुरू होतो. हळदीकुंकवाला एवढ्या बायका जमतात, मला थोडा वेळ बोलू द्या, तुमच्या घरी बोलले तर सगळ्या ऐकतील, असं पल्लवी म्हणाली होती. सुलभाताईंनी सांगितलं होतं की सवाष्णींच्या कार्यक्रमात असले विषय नकोत. पल्लवीनं वाद घातला नव्हता. बाईंशी तिनं कधीच वाद घातला नव्हता.

"राजस कसा आहे पुण्याला?" कुणीतरी विचारलं.

"मजेत आहे. कंपनीनं फ्लॅट दिलाय. ऑफिसातच जेवण असतं."

"आता मुली बघायला लाग," जयूमावशी म्हणाल्या. "पुण्याच्या पोरी येऊन उज्जैनला राहणार नाहीत हां, आधीच सांगते. त्यांना आपली मराठी ऐकून हसू येतं."

बायका हसल्या. तेवढ्यात मागच्या खोलीत काहीतरी धपकन पडलं.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. सुलभाताईंच्या हातात करंडा होता.

"मांजर असेल," त्या म्हणाल्या. "फार माजलंय." आणि त्यांनी पुढच्या बाईच्या कपाळाला कुंकू लावलं. ते जरा वाकडं लागलं. त्यांना वाटलं, राजसनं मुद्दाम काही आपटलं. फ्लॅटची गोष्ट भिंतीतून ऐकू गेली असणार. रात्री त्याची समजूत घालायला हवी.

बोलणी पुन्हा सुरू झाली. तिळगूळ वाटला गेला. मग भिंतीपलीकडून घोरण्याचा आवाज यायला लागला. ओला, घशात अडकणारा, मधेच थांबणारा. सुलभाताईंना आधी बरं वाटलं, झोपला म्हणून. मग लाज वाटली, ऐकू येतंय म्हणून.

"अगं सुलभे," जयूमावशी म्हणाल्या, "तुझं मांजर घोरायला पण लागलं?"

"हे झोपलेत," सुलभाताई घाईनं म्हणाल्या. "दमलेत सकाळपासून."

त्यांचं वाक्य संपतं न संपतं तोच पुढच्या दारातून दत्तात्रयराव आत आले. गजरे कमी पडले म्हणून सुलभाताईंनीच त्यांना बाजारात पाठवलं होतं. ते पुडा पुढे करून उभे राहिले आणि सगळ्या बायका आपल्याकडे अशा का बघतायत ते त्यांना कळेना.

जयूमावशी हसायच्या थांबल्या. त्या शांततेत घोरणं जास्तच मोठं झालं, अडखळलं, आणि बऱ्याच वेळानं पुन्हा आलं.

पल्लवी उठली होती. "बाई, हे झोपेतलं घोरणं नाही," ती म्हणाली. "कोण आहे आत?"

सुलभाताई तिच्या आधी दारापाशी पोचल्या. दार उघडायला नाही, दार अडवायला. कडीवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांना नंतर कितीदा तरी आठवलं: चपला कपाटात आहेत, मोटरसायकलवर चादर आहे, दार उघडलं की सगळं संपलं. मुलाचा श्वास त्या वेळी त्यांच्या मनात नव्हता. ही गोष्ट त्यांनी पुढे फक्त नवऱ्याला सांगितली.

"बाई, मंदार असाच घोरत होता," पल्लवी हळू आवाजात म्हणाली. "आम्हाला वाटलं, झोपलाय. आम्ही आवाज न करता जेवलो."

सुलभाताईंनी कडी काढली.

राजस कॉटवरून खाली, एका अंगावर दुमडून पडला होता. ओठ निळे झाले होते. सिरिंज चटईवर होती. पल्लवीनं त्याला उताणा केला, गालावर थापट्या मारल्या, छातीच्या हाडावर मुठीनं चोळलं. तो हलला नाही. आता घोरणंही थांबलं होतं. तिनं त्याची हनुवटी वर केली, नाक दाबलं आणि त्याच्या तोंडात श्वास भरला. मधे डोकं वर करून कुणालातरी आपली पर्स आणायला सांगितलं.

दत्तात्रयरावांनी अँब्युलन्सला फोन लावला. "हाँ भैया, फ्रीगंज. लड़का बेहोश है," एवढं सांगून ते थांबले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी फोन कानाला तसाच धरून बायकोकडे पाहिलं.

"फिट," सुलभाताई म्हणाल्या. "फिट आली असेल."

पल्लवी इंजेक्शन भरत होती. तिनं वर पाहिलं नाही. "बाई, काय घेतलं ते खरं सांगा. त्यांना तयारीनं यायला हवं."

दारात बायका उभ्या होत्या. सगळ्यांच्या कपाळावर त्यांनीच लावलेलं कुंकू होतं.

"पावडर," सुलभाताई म्हणाल्या.

पल्लवीनं पँटवरूनच मांडीत सुई दिली आणि पुन्हा श्वास द्यायला लागली. दोन श्वासांच्या मधे तिनं विचारलं, "कधी पडला?"

ह्याचं उत्तर तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. तरी सगळ्या सुलभाताई बोलायची वाट बघत राहिल्या, किंवा त्यांना तसं वाटलं.

"मी मांजर म्हणाले ना," त्या म्हणाल्या. "तेव्हा."

जयूमावशींनी मागे वळून मुलांना ओसरीवर नेलं.

राजस लगेच हलला नाही. अँब्युलन्सचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा त्यानं एकदम मोठा श्वास ओढला, खोकला आणि ओकला. त्यानं डोळे उघडून आईकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. बायका आपापल्या चपला शोधून निघून गेल्या. पाटावर करंडा उघडाच राहिला, आणि राहिलेले बटवे ताटात.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला रात्रभर ठेवून घेतलं. इंजेक्शनचा असर लवकर उतरतो, पावडरचा राहतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. त्यांनी सुलभाताईंना समजावलं की गोळी बंद झाली, देवासला शरीराची सवय मोडली, आणि त्यानं जुन्याच मापानं घेतलं. आधी जे पचत होतं तेच आता मारणारं ठरलं. गोळी पुन्हा सुरू करायची आणि ते सांगतील तोवर थांबवायची नाही. सुलभाताई विद्यार्थ्यासारख्या मान हलवत होत्या. गोळी कुणी बंद केली, हे डॉक्टरांनी विचारलं नाही.

सकाळी राजस पहिल्यांदा त्यांच्याशी बोलला. "पुण्यात माझं चांगलं चाललं होतं, आई," तो म्हणाला. "फ्लॅट पण होता."

घरी आल्यावर जयूमावशी भेटायला आल्या, डब्यात मऊ खिचडी घेऊन. त्यांनी सुलभाताईंचा हात हातात घेतला आणि सांगितलं की काळजी करू नकोस. त्या दिवशी तिथे होतो त्या सगळ्यांनी ठरवलंय, फिट म्हणायचं. मंडळात तेच सांगितलंय. फिट कुणालाही येते, त्यात कसली लाज. सुलभाताईंना रडू आलं. एवढी माया त्यांना कुणी दाखवली नव्हती असं त्यांना वाटलं.

पल्लवी आली तेव्हा त्यांनी तिला हे सांगितलं. पल्लवीनं राजसची चौकशी केली, पाणी प्यायली. निघताना दारात म्हणाली, "मंदारचं पण हार्टच होतं, बाई. त्याच्या मित्रांनाही आम्ही तेच सांगितलं. त्यातला एक पुढे त्याच्यासारखाच गेला."

शाळेत असतानाही ती कमीच बोलायची.

रथसप्तमी दोन दिवसांवर आली. हळदीकुंकू मधेच मोडलं होतं, यायच्या होत्या त्या पाच-सहा जणींचं कुंकू राहिलं होतं. बोलावलेल्या सवाष्णीला कुंकू न लावता ठेवायचं नाही, आणि रथसप्तमीनंतर हळदीकुंकू होत नाही. म्हणून सुलभाताईंनी करंडा आणि बटवे पिशवीत घेतले आणि घरोघर जायला निघाल्या. राजस म्हणाला, मी सोडतो. तो सकाळी केंद्रात जाऊन आला होता. त्यानं मोटरसायकलवरची चादर काढून घडी केली. त्याच्या मागे बसताना त्यांना वाटलं, गल्लीतली प्रत्येक खिडकी उघडी आहे.

पहिलं घर प्राजक्ताचं. तिची मुलगी मृण्मयी बाईंच्या वर्गातली, सगळ्यांत आधी हात वर करणारी. राजस फाटकाशी थांबला, इंजिन चालूच होतं.

प्राजक्तानं त्यांना आत बसवलं, कुंकू लावून घेतलं, बटव्याचं कौतुक केलं. मग आवाज खाली आणून तिनं राजसची तबियत विचारली. फिटचा त्रास लहानपणापासून आहे का?

"नाही," सुलभाताई म्हणाल्या. "आत्ताच. आता बरा आहे."

किती सोपं होतं. प्राजक्तानं आपल्या भाचीच्या फिटची हकीकत सांगितली आणि त्यांनी ती ऐकून घेतली.

मृण्मयी जवळ येऊन उभी होती. तिला काहीतरी म्हणून दाखवायचं होतं. वर्गात कविता म्हणायच्या आधी ती अशीच टाचा जुळवून उभी राहायची. "बाई, राजसदादाला परत फिट आली तर मला येतं," ती म्हणाली. "आजीनं शिकवलं. चप्पल नाकाशी धरायची. मग कांदा फोडून हुंगवायचा. मग शांत झोपू द्यायचं, उठवायचं नाही." आणि ती बाईंकडे बघत राहिली.

"शाब्बास," सुलभाताई म्हणाल्या.

त्या उठल्या, चपला घातल्या, पायऱ्या उतरल्या. राजसनं पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी पिशवी दिली नाही. फाटकाच्या गजाला धरून त्या उभ्याच राहिल्या.

"काय झालं? राहिलं काही?" त्यानं विचारलं.

शांत झोपू द्यायचं, उठवायचं नाही. त्या मुलीनं मन लावून पाठ केलं होतं, आणि त्या शाब्बास म्हणाल्या होत्या.

सुलभाताई वळल्या. त्या पायऱ्या चढायला लागल्या. परत जाऊन गाडीवर बसावं, उद्या यावं, पल्लवीलाच सांगावं, असं सगळं पायऱ्या संपेपर्यंत मनात येऊन गेलं. त्यांनी बेल वाजवली. प्राजक्तानं दार उघडलं, मागे मृण्मयी, तिच्या गालात हलवा.

"मृण्मयी, मगाशी मी शाब्बास म्हणाले ते चुकलं," त्या म्हणाल्या. "उत्तर बरोबर नव्हतं. प्रश्नच मी चुकीचा सांगितला होता." मग त्यांनी प्राजक्ताकडे पाहिलं. "राजसला फिट आली नव्हती. तो पावडर घेत होता. पुण्यालाही तो कधी गेला नव्हता."

प्राजक्ताचा हात मुलीच्या खांद्यावर गेला आणि तिनं तिला जराशी मागे ओढली. सुलभाताईंना ते दिसलं. आपण तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं, हेही त्यांना कळलं.

"पुन्हा कधी असं झालं आणि तू जवळ असलीस," त्या मुलीला म्हणाल्या, "तर झोपू द्यायचं नाही. मोठ्यानं हाका मारायच्या. मोठ्या माणसांना बोलवायचं. आणि पल्लवीमावशीच्या दुकानात धावत जायचं."

"आणि चप्पल?" मृण्मयीनं विचारलं.

"चप्पल पायात. धावायला."

मृण्मयी हसली. प्राजक्ता हसली नाही. ती दारातून बाजूलाही झाली नाही, दारही लावलं नाही. फाटकाशी इंजिन बंद झालं. सुलभाताईंनी मागे वळून पाहिलं नाही, पण राजस ऐकतोय हे त्यांना कळलं.

"पुन्हा म्हण बरं," त्या मृण्मयीला म्हणाल्या. "आधी काय करायचं?"